कॅलेंडरमधला रविवार कोणी टिक केला? वतनाच्या बिगारीपासून आउटलुकच्या चौकटीपर्यंत



ज्यांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुने डेस्कटॉप आउटलुक आहे त्यांनी ते उघडावे. फाइल, ऑप्शन्स, कॅलेंडर अशा क्रमाने आत जावे. वरच 'वर्क टाइम' नावाची चौकट दिसेल. त्यात कामाची वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 5 अशी आधीच भरलेली असते. सोमवार ते शुक्रवार या वारांपुढे टिक असते, शनिवार-रविवार मोकळे असतात. अमेरिकी इंग्रजी मांडणी असेल तर आठवड्याचा पहिला दिवस रविवार दिसतो. खाली 'ॲड हॉलिडेज' नावाचे बटण असते. हे तुम्ही भरलेले नाही, तुमच्या साहेबानेही भरलेले नाही. कॉम्प्युटरच्या भाषेत याला 'डिफॉल्ट' म्हणतात. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर जे लागू होते, ते डिफॉल्ट.

आता आपल्या समाजाला डिफॉल्ट म्हणजे काय हे कॉम्प्युटरने शिकवायची गरज नाही. या देशात हजारो वर्षे एक डिफॉल्ट चालत आला आणि त्यात आपल्या पूर्वजांच्या नावापुढे कामाची वेळ लिहिलेलीच नव्हती. म्हणून आउटलुकमधली ही छोटी चौकट मला फार मोलाची वाटते. तिच्यातली एकेक टिक कुठून आली ते पाहायचे तर सॉफ्टवेअरच्या बरेच मागे जावे लागते.

महार वतनापासून सुरुवात करू. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने वतनदार महाराची सेवा सरकारी कागदावर पक्की केली. पण या सेवेला तास नव्हते. सरकारी कामगाराने दिवसा बोलवो वा रात्री, महाराने हजर व्हायचे. तो स्वतः घरी नसेल तर त्याचा बाप, नाहीतर मुलगा, कुटुंबातले जे कोणी सापडेल त्याने जायचे. मोबदल्यात इनामाचा तुकडा, गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते आणि काही ठिकाणी किरकोळ रोकड. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात हा कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक आणले, तेव्हा त्यांचा एक मुख्य मुद्दा हाच होता की या चाकरीला ना कामाची व्याख्या आहे, ना वेळेची मर्यादा. पुढच्या वर्षी त्यांना ते विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने कायद्याने गेली ती थेट 1958 च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. म्हणजे आज ऑफिसात बसून 'वर्किंग अवर्स' निवडणाऱ्या अनेकांचे आजोबा किंवा पणजोबा असे होते की ज्यांच्या कॅलेंडरात चोवीसच्या चोवीस तास दुसऱ्याच्या नावाने रंगवलेले होते.

गावातून पळून मुंबईच्या गिरणीत आले तर तिथे तरी काय होते? विजेचे दिवे येण्याआधी गिरणीची वेळ सूर्यावर चालायची. उजाडताच सुरू, अंधार पडल्यावर बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम मोठे. रविवारी यंत्रे बंद राहिली तरी ती पुसायला कामगारांना अर्धा दिवस बोलवत. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने तासांचे बंधन घातले ते फक्त लहान मुलांसाठी. आणि गंमत पाहा, त्याच 1881 साली परक्राम्य संलेख अधिनियम आला, ज्याला आपण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणतो. त्याच्या कलम 25 मध्ये सार्वजनिक सुट्टीच्या व्याख्येत रविवार स्पष्ट लिहिला आहे. कशासाठी? तर हुंडी किंवा चेकची मुदत रविवारी संपत असेल तर काय करायचे यासाठी. म्हणजे इंग्रज सरकारने कागदाच्या तुकड्याला रविवारची विश्रांती दिली, आणि तो कागद ज्या कापसावर चालायचा तो पिंजणाऱ्या माणसाला दिली नाही.

माणसाचा रविवार मिळवला तो सत्यशोधकांनी. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर भरपाई. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. मालक ऐकेनात. सहा वर्षे हा माणूस मागे हटला नाही. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. शेवटी 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. जोतीरावांनी त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला देह ठेवला. हा रविवार त्यांनी पाहिला.

आज सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपणाऱ्या किती जणांना लोखंड्यांचे नाव माहीत आहे? भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले ते 2005 साली. पाठ्यपुस्तकात गिरणी संप म्हटला की डाव्या पुढाऱ्यांची नावे येतात, पण मुंबईतल्या पहिल्या कामगार पुढाऱ्याची सत्यशोधक ओळख मात्र तळटिपेत जाते.

यानंतरची टिक बाबासाहेबांची. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. याच काळात भरपगारी रजेची तरतूद कायद्यात आली, आणि 1946 च्या फॅक्टरी दुरुस्ती कायद्याने कायमस्वरूपी चालणाऱ्या कारखान्यांतले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणले. इथे एक स्पष्टच बोलतो. आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर दर एप्रिलला पोस्टर फिरते की बाबासाहेबांनी 14 तासांचे 8 तास केले. तसे नाही. 1934 च्या कायद्यात आधीच दिवसाचे 10 आणि आठवड्याचे 54 तास ही मर्यादा होती. बाबासाहेबांनी आठवड्याचे 48 आणि दिवसाचे 9 केले. सहा दिवसांनी 48 ला भागा, दिवसाचे आठ तास तिथून येतात. खरे आकडे पुरेसे मोठे आहेत, त्यांना फुगवायची गरज नाही. चुकीचा आकडा दिला की समोरचा माणूस तेवढाच धरून बसतो आणि उरलेले ऐकत नाही.

आता आउटलुकच्या चौकटीकडे परत या. 8 ते 5 मधून जेवणाचा तास वजा करा, आठ तास. रविवार रिकामा. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी लोखंडे किंवा बाबासाहेबांना विचारून ही चौकट केली नाही, त्यांच्यासमोर अमेरिकी ऑफिस होते आणि तिथल्या कामगारांनी आपला शनिवार-रविवार वेगळ्या लढ्यातून मिळवला होता. पण भारतातला माणूस ही चौकट न बदलता वापरू शकतो, कारण इथला रविवार इथल्या माणसांनी मिळवून ठेवला होता.

शनिवार-रविवार हा काही निसर्गनियम नाही. आखातात काम करणाऱ्या आपल्या भावांना हे चांगले माहीत आहे. सौदी अरेबियात 2013 पर्यंत गुरुवार-शुक्रवार सुट्टी होती, मग शुक्रवार-शनिवार झाली. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार धरला. एका सरकारी आदेशाने अख्ख्या देशाच्या टिका सरकल्या. म्हणूनच या प्रोग्राममध्ये वारांपुढे टिकेची चौकट ठेवावी लागते.

सॉफ्टवेअरचा स्वतःचा इतिहास छोटा आहे, तो पटकन सांगतो. आउटलुक 97 आले जानेवारी 1997 मध्ये. त्याच्या आधी मायक्रोसॉफ्टचे शेड्यूल प्लस आणि लोटसचे ऑर्गनायझर होते. एका प्रोग्राममधली नोंद दुसऱ्याला कळावी म्हणून 1996 मध्ये व्हीकॅलेंडर आणि नोव्हेंबर 1998 मध्ये आयकॅलेंडर नावाचे प्रमाण ठरले. त्याची सुधारित आवृत्ती 2009 ची. आपण ज्याला आयसीएस फाइल म्हणतो ती हीच. मोफत मिळणाऱ्या थंडरबर्डमध्ये कॅलेंडर आधी वेगळे जोडावे लागे, 2015 पासून ते सोबतच येते. या प्रमाणात सुद्धा डिफॉल्ट आहेत. आठवडा कुठून सुरू होतो हे सांगितले नाही तर सोमवार धरायचा. कोणती कालगणना हे सांगितले नाही तर ग्रेगोरियन धरायची. एकूण काय, बोलला नाहीत तर दुसऱ्याचे लागू.

सुट्ट्यांच्या यादीत हे जास्त टोचते. आउटलुकमध्ये 'ॲड हॉलिडेज' दाबले की देशांची नावे येतात आणि त्यांच्याबरोबर ख्रिस्ती, ज्यू, इस्लामी अशा धार्मिक सुट्ट्यांच्या याद्या. भारत ही तिथे एकच ओळ आहे. पण भारतात सुट्टी अशी चालते का? कलम 25 खाली महाराष्ट्र शासन स्वतःची यादी काढते, तमिळनाडू स्वतःची, केंद्राची आणखी वेगळी. 14 एप्रिल महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी आहे, पण केंद्राकडून त्यासाठी अनेकदा त्या-त्या वर्षी वेगळे परिपत्रक निघत आले. 2025 सालीही ते मार्च संपताना निघाले. संविधान लिहिणाऱ्या माणसाची जयंती दरवर्षी नव्याने जाहीर करावी लागते यावर वेगळा लेख होईल.

भिंतीवरच्या कॅलेंडरची गोष्ट वेगळी नव्हती. कोणत्या चौकोनात कोणाचे नाव छापायचे हे छापणाऱ्याच्या हातात. आपल्या लोकांनी त्यावर उपाय काढला. दीक्षाभूमी, चैत्यभूमीच्या बाहेर पुस्तकांच्या शेजारी आपली कॅलेंडरे विकायला आली आणि घराघरात गेली. त्यांत भीमा कोरेगाव, महाड, येवला, सगळे आपापल्या तारखेला असते. अमेरिकेत हेच काम कार्टर वुडसन यांनी 1926 साली फेब्रुवारीतला एक आठवडा निग्रोंच्या इतिहासाला देऊन सुरू केले, त्याचा पुढे ब्लॅक हिस्टरी मंथ झाला. त्याच्याकडे पाहूनच 2015 पासून एप्रिल हा दलित हिस्टरी मंथ म्हणून पाळला जाऊ लागला. कॉम्प्युटरवर मात्र आपण अजून भाड्याच्या घरात राहतो.

आता सन कोणता धरायचा ते पाहू. आउटलुकमध्ये 'अल्टरनेट कॅलेंडर' ही सोय आहे, म्हणजे मूळ तारखेशेजारी दुसऱ्या कालगणनेची तारीख दिसते. त्यात हिजरी आहे, हिब्रू आहे, चिनी चांद्र आहे आणि आपले शासकीय शकही आहे. हे शासकीय शक कोणी घडवले? 1952 साली नेमलेल्या कॅलेंडर सुधार समितीने, जिचे अध्यक्ष मेघनाद साहा होते. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या दुकानदाराचा मुलगा, कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी ज्यांना आपल्या पंगतीत बसू दिले नाही, तो जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ झाला आणि देशात चालणाऱ्या सुमारे तीस पंचांगांची तपासणी करायला बसला. समितीने दाखवले की पंचांगकर्त्यांचे वर्ष सूर्यापासून तेवीस दिवस सरकले आहे. उत्तरायण 22 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, पण संक्रांत 14 जानेवारीला. 22 मार्च 1957 पासून सुधारलेले शक सरकारी कामात आले. पंचांगवाल्यांनी ते कधी मनावर घेतले नाही, आणि आजही त्यांचा धंदा जोरात आहे.

आणि बुद्धाब्द? आउटलुकच्या यादीत तो थाई कॅलेंडरच्या रूपाने सापडतो. पण सावधान. थायलंडची गणना इसवी सनात 543 मिळवते, तर श्रीलंका, म्यानमार आणि आपल्याकडची गणना वैशाख पौर्णिमेनंतर 544 मिळवते. भारत सरकारने 2500 वी बुद्धजयंती मे 1956 मध्ये साजरी केली आणि त्याच बुद्धाब्दात नागपूरला धम्मदीक्षा झाली. थाई गणनेने 1956 हे वर्ष 2499 येते. म्हणजे तुम्ही उत्साहाने थाई पर्याय लावलात तर तुमच्या कॉम्प्युटरवर 14 ऑक्टोबर 1956 एक वर्ष मागे जाईल. पत्रिकेवर किंवा बॅनरवर बुद्धाब्द छापणाऱ्यांनी तरी कॉम्प्युटरवरचा आकडा डोळे मिटून उचलू नये.

तिथीचा प्रश्नही इथेच येतो. 1956 साली 14 ऑक्टोबरला विजयादशमी होती. बाबासाहेबांनी दिवस निवडला तो अशोकाच्या आठवणीने. तेव्हापासून दीक्षाभूमीवर मोठा मेळावा दसऱ्याला होतो आणि 14 ऑक्टोबरही पाळला जातो. दोन्ही बरोबर असे म्हणून आपण वाद टाळतो. पण कॅलेंडर भरायला बसलात की वाद टळत नाही. 14 ऑक्टोबर ही नोंद एकदा करून 'रिकरन्स'मध्ये 'इयरली' निवडले की ती कायमची होते. दसरा तसा होत नाही, तो दरवर्षी हलतो आणि कुठे हलला हे पंचांगवाला सांगतो. बुद्ध पौर्णिमेचेही तेच. जोतीरावांनी 1869 च्या 'ब्राह्मणांचे कसब'मध्ये ज्या जोशावर झोड उठवली, ज्याच्याशिवाय लग्न लावले म्हणून जुन्नर-ओतूर भागात दक्षिणेच्या हक्कासाठी सत्यशोधकांवर दावे ठोकले गेले, त्याच्याकडे पुन्हा तारीख विचारायला जायचे का? माझे मत असे की कायमची नोंद 14 ऑक्टोबरची करावी. दसऱ्याच्या मेळाव्याची नोंद दरवर्षी वेगळी टाकावी, कारण लाखो लोक त्या दिवशी नागपूरला येतात ही वस्तुस्थिती आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे.

आता भरायचे कसे. जुन्या डेस्कटॉप आउटलुकची सुट्ट्यांची यादी ही साधी मजकूर फाइल आहे, आउटलुक डॉट एचओएल नावाची. ती ऑफिसच्या फोल्डरात, भाषेच्या क्रमांकाच्या उपफोल्डरात असते, अमेरिकी इंग्रजीचा क्रमांक 1033. नोटपॅडमध्ये उघडते. तिची मूळ प्रत बाजूला ठेवा आणि एक गट असा जोडा:

[आपल्या तारखा] 3
जोतीराव फुले जयंती, 2027/4/11
डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, 2027/4/14
साप्ताहिक सुट्टीचा दिन, 2027/6/10

कंसाशेजारचा आकडा म्हणजे खालच्या ओळींची संख्या. देवनागरीत लिहिलेत तर फाइल युनिकोडमध्ये सेव्ह करावी, नाहीतर प्रश्नचिन्हे दिसतात. तेच गट दोनदा जोडू नका, प्रत्येक नोंद दोनदा येते. हा मार्ग जुन्या आउटलुकचा. नवे आउटलुक आणि थंडरबर्ड यांच्यासाठी आयसीएस सोपी: थंडरबर्डमध्ये वेगळे कॅलेंडर काढा, तारखा टाका, प्रत्येकीला 'दरवर्षी' लावा, मग ते कॅलेंडर एक्स्पोर्ट करा. एकाने बसून केले तर ती फाइल शंभर जणांना पुरते. 3 जानेवारी, 20 मार्च, 26 जून, 26 नोव्हेंबर, 6 डिसेंबर, 25 डिसेंबर या आल्याच पाहिजेत. पुढे प्रत्येक गावाचे स्वतःचे दिवस आहेत.

पण एवढ्यावर थांबलात तर काम अर्धे झाले. दिवसभराची नोंद केली की आउटलुक तिला आपोआप 'शो ॲज: फ्री' लावते. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर 14 एप्रिल निळा दिसतो, पण मीटिंग ठरवणाऱ्याला मात्र तुम्ही त्या दिवशी मोकळे दिसता. खाजगी कंपन्यांत काम करणारी आपली मुले दर एप्रिलला हाच अनुभव सांगतात: चौदाला सकाळी रिव्ह्यू ठेवला, आणि विचारले तर उत्तर मिळते, 'तुझ्या कॅलेंडरात तर फ्री दिसत होतं.' ज्याने वेळ अडवली नाही तो उपलब्ध आहे, हे गृहीतक आपल्या ओळखीचे आहे. नोंद उघडा आणि 'आउट ऑफ ऑफिस' करा. थंडरबर्डमध्ये 'बिझी'.

अर्थात नोंद केल्याने सुट्टी मिळत नाही. त्यासाठी कायदा माहीत हवा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 आहे; त्यासाठी कामगारसंख्येची अट 2025 पर्यंत दहा किंवा अधिक अशी होती. त्यात वर्षाला आठ भरपगारी सणसुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. त्या बहुतेक ठिकाणी एचआर एकटाच ठरवतो आणि जानेवारीत मेलवर यादी येते, तोवर वेळ निघून गेलेली असते. मागणी लेखी द्यायची ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आणि एकट्याने नाही, पाच-दहा जणांच्या सह्यांनी.

हे सगळे ज्यांच्यापुढे स्क्रीन आहे त्यांच्यापुरते झाले. त्याच इमारतीच्या गेटवर बारा तासांची पाळी करणारा गार्ड, पहाटे संडास धुणारी ठेकेदाराची बाई, यांच्यासाठी ती 'वर्क टाइम'ची चौकट अजून उघडलेलीच नाही. त्यांतले किती जण आपले आहेत हे सांगायला जनगणना लागत नाही. साप्ताहिक सुट्टी त्यांनाही कायद्याने आहे, तरी सुट्टी घेतली की ठेकेदार त्या दिवसाचा पगार कापतो आणि वर दुसरा माणूस आणायची धमकी देतो. डिसेंबरच्या अर्जावर सह्या घ्याल तेव्हा त्यांनाही विचारा, आठवड्याचा कोणता वार मिळतो म्हणून. ते सांगतील तो वार कागदावर लिहून घ्या, मिळत नाही म्हणाले तर तेही लिहून घ्या. परळच्या सभेनंतर गेलेला अर्ज असाच सह्या गोळा करत तयार झाला होता.